फिल्मच्या कडेला दिसणारी हाडं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. तो सोमवार होता, आमच्याकडचा बाजाराचा दिवस. बाकांवर जागा उरली नव्हती. साडेअकराच्या सुमाराला एक आजी नातवाला छातीशी कवटाळून थेट आत आल्या, मागून त्यांची सून. बाळाला झटके येत होते.

बाळ पाच महिन्यांचं. शीर सापडायला दोनदा टोचावं लागलं. साखर ठीक होती, कॅल्शियम मात्र ६.१. या वयात ते ९ च्या आसपास तरी हवं. सलाईनमधून कॅल्शियम अगदी सावकाश दिलं, एक डोळा मॉनिटरवर ठेवून. झटके थांबले. कपाळ पुढे आलेलं, टाळू रुंद, कॅल्शियम कमी. माझ्या मनात पहिला शब्द आला तो मुडदूस.

पण पोटाला हात लावला आणि तो शब्द गळून पडला. पानथरी बेंबीपर्यंत उतरलेली, यकृतही वाढलेलं. मुडदुसात असं होत नाही. रक्ताचा रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ६.२, प्लेटलेट ४२ हजार, पांढऱ्या पेशी ३१ हजार आणि त्यात बऱ्याच कच्च्या. "मॅडम, ब्लड कॅन्सर तर नसेल ना?" लॅबमधल्या मुलानं फोनवर विचारलं. मलाही तीच भीती वाटत होती.

दुपारी आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढायला आले. एवढ्या लहान बाळाची मॅरो गुडघ्याखालच्या नडगीतून काढतात. तान्ह्या बाळाचं हाड मऊ असतं. सुई जरा फिरवली की आत गेल्याचं हाताला कळतं. इथं सुई शिरेचना. त्यांनी जागा बदलली, कपाळावर घाम आला, तरी नाही. "हे हाड नाही हो, फरशी आहे," असं म्हणून त्यांनी सुई खाली ठेवली.

तो शब्द ऐकला आणि मी आजींच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी मागून घेतली. खेड्यातून येणाऱ्या माणसांचं सगळं दप्तर अशा एका पिशवीत असतं. लसीकरणाचं कार्ड, चिठ्ठ्या, आणि चार घड्या घातलेली छातीची एक एक्स-रे फिल्म. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती, दोन महिन्यांपूर्वीची. नाक चोंदतं, श्वास घेताना घरघर होते म्हणून बाळाला आणलं होतं. मी न्यूमोनियाच्या शंकेनं फोटो काढायला सांगितला, फुप्फुसं स्वच्छ दिसली म्हणून नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले.

फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावली. बरगड्या, गळपट्टीची हाडं, दंडाची हाडं, सगळं खडूसारखं एकसंध पांढरं. एरवी हाडाची कड पांढरी आणि मधला मगज करडा दिसतो, इथं ती सीमाच नव्हती. मणक्यांच्या आत आणखी एकेक लहान मणका ठेवल्यासारखा दिसत होता. दोन महिन्यांपूर्वी मला वाटलं होतं की फिल्म जरा फिकी आली आहे. मी फुप्फुसं बघितली. ती ज्या पिंजऱ्यात असतात तो पिंजरा बघितलाच नाही.

ऑस्टिओपेट्रोसिस. संगमरवरी हाडांचा आजार असंही त्याला म्हणतात. १९०४ साली हॅम्बुर्गच्या अल्बर्स-शोनबर्ग या क्ष-किरणतज्ज्ञानं त्याचं पहिलं वर्णन केलं, तेही एक्स-रे बघूनच. लहानपणी दिसणारं याचं तीव्र रूप साधारण अडीच लाख बाळांत एखाद्याला असतं. त्यामुळे बहुतेक बालरोगतज्ज्ञांची आणि त्याची गाठ फक्त पुस्तकात पडते.

आपलं हाड रोज थोडं झिजवलं जातं आणि रोज नव्यानं भरलं जातं. झिजवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. या बाळांमध्ये त्या पेशी असतात, पण बहुतेकदा हाड विरघळवणारं आम्लच त्यांना तयार करता येत नाही. मग हाड नुसतं साचत जातं. मगजाची पोकळी भरून जाते, रक्त तयार व्हायला जागा उरत नाही, ते काम यकृत आणि पानथरी अंगावर घेतात. म्हणून पोट मोठं आणि रक्तात कच्च्या पेशी. कवटीतल्या वाटा अरुंद होतात, म्हणून नाक चोंदतं. कॅल्शियमचं म्हणाल तर कणगीत धान्य ओतणं चालूच आहे, काढणारा कुणी नाही आणि घरात चूल थंड. एवढं करून ते हाड मजबूतही नसतं. जुनं काढून नवं न घातल्यामुळे ते ठिसूळ राहतं आणि साध्या धक्क्यानं मोडतं.

कवटीतल्या ज्या वाटा अरुंद होतात त्यांतल्याच एकीतून डोळ्याची नस जाते. हे आठवलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. दोन महिन्यांपूर्वी बाळाची आई मला म्हणाली होती, "माझ्याकडं बघतच नाही बघा." मी म्हणाले होते, अजून लहान आहे, बघेल. आता टॉर्च धरला. डोळे उगाच भिरभिरत राहिले, उजेडाच्या मागे आलेच नाहीत. संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांनी आत बघून सांगितलं, दोन्ही नसा फिक्या पडल्यात.

आणखी एक गोष्ट माझ्या कानाआड गेली होती. ती मुलगी सासूला आत्या म्हणायची. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धतच आहे, म्हणून मी कधी विचारलं नाही. आता विचारलं, तर ती खरोखरीची आत्या निघाली. मामाची मुलगी केलेली. आणि आजी हळूच म्हणाल्या, "पहिला बी असाच फिका पडत गेला. आठव्या महिन्यात गेला." त्याची तपासणी कुठंच झालेली नव्हती.

बाळाच्या आईवडलांना बसवून सगळं सांगितलं. आईवडील दोघांकडे एकेक सदोष जनुक असतं, त्यांना स्वतःला काही होत नाही. दोन्ही सदोष एकाच बाळाला मिळाली की हा आजार, आणि प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक. सुनेनं मान वर न करता विचारलं, "म्हणजे माझ्या रक्तातनं आलं?" मी म्हटलं, "ताई, दोघांकडूनही सारखंच. आणि यात कुणाचाच दोष नाही." मग मी ती फिल्मही तिला दाखवली. "हे तेव्हाच यात दिसत होतं. मला ते दिसायला हवं होतं." ती काही बोलली नाही. फिल्मची घडी घालून तिनं पिशवीत ठेवली.

रात्रीच मुंबईला फोन केले. ऑस्टिओक्लास्ट रक्ताच्या मूळ पेशींपासून तयार होतात, म्हणून मूळ पेशींचं प्रत्यारोपण हा बहुतेक बाळांसाठी खरा इलाज. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा आजार पहिल्या गटात आहे आणि ठरवून दिलेल्या केंद्रांत उपचारांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. हे समजल्यावर बाळाच्या वडलांनी शेत विकायचा विषय थांबवला. जनुक तपासणीत टीसीआयआरजी१ नावाच्या जनुकातला दोष निघाला, या आजारात सगळ्यात जास्त सापडणारा. मेंदूला धोका देणारा प्रकार नव्हता, म्हणून प्रत्यारोपणाचा मार्ग मोकळा झाला. पुढच्या गरोदरपणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा तपासता येईल, तेही त्यामुळेच.

नवव्या महिन्यात वडलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी दिल्या. काही आठवड्यांनी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला की आता कॅल्शियम उलट वाढतंय. नव्या पेशी हाड झिजवायला लागल्या की असं होऊ शकतं. कणगीचं तोंड उघडलं होतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

वर्षाचा झाल्यावर त्याला घेऊन ती आली. रक्त चढवणं थांबलं होतं, पानथरी बरगडीखाली गेलेली. नव्या फिल्मवर मांडीच्या पांढऱ्या हाडात मधोमध एक करडी रेघ उमटली होती. मी तिचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं, हा मगज. ती बघत राहिली. मग म्हणाली, "अन् डोळे?"

"नाही, ताई. ते परत येणार नाहीत."

मांडीवरच्या लेकरानं तिच्या आवाजाकडे मान वळवली.