दावं कोण सोडणार?

पूर आराखड्यासाठी गावबैठका घडवून आणणं हे माझं काम. लोकांना वाटतं, यात नकाशे आणि बोटी असतील. निम्मा वेळ कोणाला बोलवायचं आणि कोणाशेजारी कोणाला बसवायचं नाही, यातच जातो.

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव. वरून आलेली स्टेकहोल्डरची, म्हणजे ज्यांना विचारात घ्यायचं त्यांची, यादी ठरीव: सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, हेडमास्तर. सोबत चार चौकोनांचा तक्ता. कोणाचं वजन किती, कोणाला गरज किती, त्याप्रमाणे नावं भरायची. तक्ता वाईट नाही. पण एसीत बसून भरला की खुर्चीवरचीच माणसं वरच्या चौकोनात जातात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. कागदावर सगळं या दोन आकड्यांवर हलतं. 2019 आणि 2021 च्या पुरात काय केलंत, असं विचारलं की गावात मात्र म्हशींचीच गोष्ट निघते. बायका-पोरं सुरक्षित जागी गेली, एक गडी गोठ्यासाठी मागं राहिला. म्हैस कर्जाची, हप्ता दुधाच्या बिलातून कापला जातो. तिला सोडून कोण ट्रॅक्टरवर चढेल?

कोणाच्या दावणीला किती म्हशी, हे तोंडपाठ असतं दूध संस्थेच्या सचिवाला. म्हणून मी त्याचं नाव यादीत घातलं. गोम अशी की गावात संस्था दोन, आणि दोन संस्था म्हणजे दोन गट, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. दोघांनाही बोलावलं.

एक सचिव सरपंचांशेजारी बसले. दुसरे हॉलच्या दारातच उभे. "आमी हितनंच ऐकतो, तुमी सांगा." राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडल्यावर पाणी कधी येतं, यावर सगळे एका सुरात बोलले. मग जनावरं कुठं बांधायची हे निघालं. उंचावरचं सोयीचं रान एका गटाच्या माणसाचं. "त्येंच्या रानात आमची म्हसरं? जमणार न्हाई." दारातले गेले, त्यांच्यामागं निम्मा हॉल गेला. फोनवर साहेबांचा प्रश्न: "फोटो आणि हजेरीपत्रक आहे ना?" होतं की.

संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर जाऊन बसले. किटल्यांची रांग, फॅटचं मशीन, हातात स्लिप. रांगेतल्या मावशींना विचारलं, पाणी आलं तर म्हैस कोण सोडतं?

"धार मी काढतो. म्हस माझ्या हाताची हाय. परक्यानं दावं धरलं तर जाग्यावरनं हलत न्हाई. मला पयल्या ट्रॅक्टरनं धाडल्यावर तिला न्हेणार कोण?"

मागच्या दोघींनी माना हलवल्या. पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या गटाच्या डेअरीवरही बायका हेच बोलल्या. बायका-पोरं आधी, हा आमच्या प्रत्येक आराखड्याचा पहिला नियम. म्हशी ज्यांचं ऐकतात त्यांनाच आपण आधी उचलतो, आणि मग मागं राहिलेल्या गड्याला हट्टी म्हणतो.

बायका आणि त्यांच्या म्हशी एकाच खेपेला, तेही पाणी 39 फुटांवर जायच्या आत, असं मी मसुद्यात लिहिलंय. "हे वर पटणार नाही," असं उत्तर आलं. पटवीन. अडलंय ते जागेवर. दोन्ही सचिवांनी आपापल्या सभासदांच्या म्हशींची यादी दिली, पण वेगवेगळी, आणि दुसऱ्याला न दाखवायच्या बोलीवर. आता परत जायचंय, दुधाच्याच वेळेला. आधी कुठल्या डेअरीवर जायचं ते ठरत नाहीये. ज्याच्याकडे आधी जाईन, त्याची मी ठरणार.