सूपापासून अक्रोडापर्यंत

ऑफिसच्या कॉलवर अमेरिकेतला साहेब म्हणाला, "मला सगळं सांगा, सूप टू नट्स." मी कारखान्यातल्या फिटरची मुलगी, माझ्या डोळ्यांपुढे नट-बोल्टच आले. सूपात नट कसा पडला, हे कळायला संध्याकाळ झाली. तिकडच्या साग्रसंगीत जेवणात सुरुवात सूपाने आणि शेवट अक्रोड-बदामांनी. म्हणून 'सूप टू नट्स' म्हणजे आपलं अथपासून इतिपर्यंत.

ही तऱ्हा जुनीच. रोमनांच्या मेजवानीत आधी अंडी येत, शेवटी सफरचंदं. होरेस या लॅटिन कवीने इ.स.पूर्व ३५च्या सुमारास एका गवयाची टर उडवली आहे: गा म्हटलं तर गाणार नाही, पण लहर लागली तर अंड्यापासून सफरचंदापर्यंत थांबणार नाही. (आमचा काका. सत्यनारायणाला पेटी पुढे सरकवली की घसा बसतो, पानं वाढून झाली की आवाज लागतो.)

खाण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही, तरी आपला शब्द आला पोथीतून, 'अथ'ने उघडणाऱ्या आणि 'इति'ने मिटणाऱ्या. मिठापासून ताकभातापर्यंत, असं कुणी म्हणत नाही. मला वाटतं, कारण ताटातच आहे. तिकडे पदार्थ एकामागून एक येतात. तेही नीट रुळलं १९व्या शतकात, त्याआधी बड्या घरांतही बरेचसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, भाताची मूद, वर पिवळं वरण, सगळं आधी पानात. मग तुपाची धार. त्यानंतर चटणीकडे कितीदा वळायचं, ते जेवणाऱ्याने बघावं.

माझी मावशी बोलते ती अशीच. परवा फोनवर विचारलं, "लग्न कसं झालं गं?"

"थांब, आधी रिक्षावाल्याचं ऐक."

रिक्षावाल्याकडे पाचशेचे सुटे नव्हते. तिथून गाडी वळली ओटीतल्या ब्लाउजपीसवर, जे मावशीनेच तीन वर्षांपूर्वी कुणाला तरी दिलं होतं आणि आता फिरून तिच्याच पदरात पडलं. मग मुलाच्या आत्याचं फुगणं, मठ्ठ्यात मीठ नसणं, आणि परत रिक्षावाला, कारण सुटे शेवटी त्या आत्यानेच दिले. माझा कान तापला.

"अगं, पण नवरी कशी दिसत होती?"

"तेच तर सांगतेय!"