तापाने उतरवलेलं वजन

साडेसात महिने मी वजनाच्या मागे होते. संक्रांतीनंतर 74.6 किलोवर सुरुवात केली. रात्रीचा भात बंद, पोह्यांवरची शेव बंद (इंदुरात राहून हे किती अवघड, ते इथल्यांनाच कळेल), आणि रोज राजेंद्रनगरच्या गल्ल्यांतून पाऊण तास चालणं. ऑगस्टपर्यंत काटा 69.2 वर आला. मग जन्माष्टमीच्या संध्याकाळी हुडहुडी भरली. ब्लड कल्चरमध्ये टायफॉइड निघाला. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि भिंत धरून मी काट्यावर उभी राहिले: 64.1.

साडेसात महिन्यांत जेवढं गेलं होतं, जवळजवळ तेवढंच 13 दिवसांत गेलं. अंगात त्राण नव्हतं, तरी मला आनंद झाला. डॉक्टर म्हणाले, "ताई, यातली चरबी थोडीच. बाकी पाणी आणि स्नायू. हे वजन परत येणार, आणि यायलाच हवं." मी मान हलवली. मनात मात्र ठरवलं, की हे 64 आता सोडायचं नाही.

आधी जेवणाचीच पंचाईत झाली. डाएटचं माझं दुपारचं ताट म्हणजे काकडी-गाजर आणि मोड आलेली मटकी. टायफॉइडमध्ये आतड्यांना जखमा होतात, म्हणून नेमकं तेच वर्ज्य. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, शिजवलेला दुधी, म्हणजे जे मी महिनोन्महिने मोजून खात होते तेच आता पोटभर खायचं होतं. आणि भूक तर अशी लागायची की जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा पोटात कालवाकालव. अनंत चतुर्दशीला, गावात झांकी (चित्ररथांची मिरवणूक) निघायची होती त्या दिवशी सकाळी, काटा 66.9 दाखवत होता. दहा दिवसांत पावणेतीन किलो! मला रडू आलं. त्याच दिवसापासून रात्रीचं जेवण बंद केलं.

चौथ्या दिवशी ओली चादर वाळत घालायला गच्चीवर निघाले. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर मांड्या लटपटायला लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि चादर मांडीवर घेऊन मी तिथेच बसून राहिले. पाणी पायांवरून खालच्या पायऱ्यांवर ठिबकत होतं. सासूबाई कठड्याला धरत धरत वर आल्या. "अगं, अंग धरतंय ते तुझं," त्या म्हणाल्या. "मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाने उपाशी राहायचं असतं का?"

त्या दुपारी लॅबच्या पाकिटामागे हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. माझी रोजची गरज 1,700 च्या आसपास. तेरा दिवस अन्नाचा कणही पोटात गेला नसता, आणि तापात शरीर जे जास्तीचं जाळतं (दर अंश सेल्सिअसला दहा टक्के तरी) तेही धरलं, तरी फार तर साडेतीन किलो चरबी गेली असती. आणि मी तर अर्धंमुर्धं खात होते. मग पाच किलो गेले कुठून? यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनचा (शरीराने साठवलेल्या साखरेचा) 400 ते 500 ग्रॅम साठा ठेवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. तो साठा रिकामा झाला की दीड-दोन किलो तिथेच जातात आणि नीट जेवायला लागलं की काही दिवसांत परत येतात. त्यात रिकामं आतडं, घाम, आणि अंथरुणात झिजलेले स्नायू. पाकिटावरचा तो आकडा बघून मला हलकं वाटलं. दहा दिवसांत चढलं होतं त्यात चरबी नावालाच असणार.

रात्रीचं जेवण त्याच दिवशी पुन्हा सुरू केलं. डॉक्टरांनी वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं सांगितली होती, म्हणजे मला 65 ते 80 ग्रॅम. शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही. मुगाची धिरडी, पनीर, दोन्ही वेळा घट्ट वरण आणि वाटीभर दही असं मुद्दाम जमवावं लागलं. काटा कपाटावर ठेवून दिला आणि पायऱ्या मोजायला लागले. तीन आठवड्यांनी न थांबता अठरा चढले. तेव्हा वजन 68.3 होतं.

डाएट दिवाळीनंतर सुरू केलं, तेही पहिल्यापेक्षा सैल. मध्येच केस मूठमूठ गळायला लागले. मोठा ताप आणि एकदम उतरलेलं वजन यांनी दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि केस परत येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण वेणी बोटाएवढी झाली तेव्हा जीव कासावीस झाला होता. आता कपाळाशी बारीक नवे केस उभे राहिलेत. वजन फक्त शनिवारी करते. या शनिवारी 66.8 होतं.