हुकूम खिशात आहे

शाळेचं पत्र आलं, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा म्हणून. माझे चारही शब्द इतिहासाच्या सरांवरच खर्च होणार. नाव लिहीत नाही, छत्रीवाले सर म्हटलं की पुरे.

आठवीत आमची पैज लागली होती. अमावास्येच्या रात्री गोऱ्यांच्या कबरस्तानात जाऊन सतपुरुषाच्या थडग्याला हात लावून यायचं. शिरूरच्या पोराला सतपुरुष कोण हे सांगावं लागत नाही. सुगीचं पहिलं धान्य आजी त्याला नैवेद्य म्हणून ठेवायची. गावावर काही यायचं असलं की साहेब रात्री शिवेवरून फेरी मारतो, हेही तिनंच सांगितलेलं. पैज कुणीच जिंकली नाही. आत कुणाचीतरी शेळी शिंकली आणि आम्ही थेट घोडनदीच्या पुलापर्यंत पळालो. माझी एक चप्पल मागेच राहिली.

सकाळी प्रार्थनेनंतर ती सरांच्या टेबलावर!

आता छड्या बसणार, असं वाटलं. सरांनी तिसऱ्या तासाला अख्खा वर्ग कबरस्तानात नेला. आधी आमच्याकडून पालापाचोळा झाडून घेतला, मग खिशातून घडीचा कागद काढला. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधला मजकूर त्यांनी स्वतः उतरवून आणला होता. आजीचा सतपुरुष म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाताखाली असईला मराठ्यांविरुद्ध लढलेला, १८०९ मध्ये इथल्या छावणीत वारलेला. कोरेगावच्या लढाईसाठी स्टाँटनची पलटण १८१७च्या शेवटच्या रात्री याच छावणीतून निघाली, हेही सरांनी तिथेच सांगितलं. आमचं लक्ष मात्र थडग्याकडे.

मग वॉलेसचा गाविलगड किल्ल्याच्या वेढ्यातला किस्सा. जड तोफ रातोरात डोंगरावर चढवणं अशक्य आहे, असं तोफखान्याचा अधिकारी म्हणाला. वॉलेसनं दिवा मागवला, खिशातला कागद वाचला आणि ओरडला, "अशक्य कसं? हुकूम माझ्या खिशात आहे!" सरांनी हे करून दाखवताना छत्रीच उगारली. शेवटी म्हणाले, "आपल्या मुलखावर चालून आलेल्या माणसाला आपल्याच आज्यांनी देव का केलं, ते मला उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर सांगा." मास्तरांना एखादी गोष्ट कळत नाही आणि ते तसं सांगतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झालो. ठेकेदार 'होणार नाही साहेब' म्हणाला की मी शर्टाच्या खिशावर हात ठेवायचो. त्याला काही कळायचं नाही, पण काम व्हायचं.

हल्ली नगरला जाताना गाडी बायपासनंच निघून जाते. रांजणगावला एमआयडीसी आली, जमिनींचे भाव चढले, सुगीचं धान्य ठेवणाऱ्या आज्याही गेल्या. सरही गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाहीच. पण आम्ही पळालो ती अमावास्येची मध्यरात्र, आणि सकाळी सातला चप्पल त्यांच्या टेबलावर. मधल्या वेळात सर तिथे काय करत होते, हे विचारायचंही राहून गेलं.