उजवा हात पुन्हा कामाला लागला

सांगलीत कुणाच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, की भेटायला येणारा प्रत्येकजण एकेक तेल सुचवून जातो. मला झाला तेव्हा माझ्या उशाशी तशा बाटल्या साठल्या होत्या. एका मावशींनी तर कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. माणसं जीव तुटतो म्हणूनच सांगतात, त्यांना मी बोल लावत नाही. पण गुठळी झाली होती मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि म्हणून उजवा हात लुळा पडला होता. हाताचे स्नायू धड होते, त्यांच्यापर्यंत हुकूम पोचत नव्हता. मेंदूला नवी वाट पाडायला लावायची, तर त्या हाताकडूनच काम करून घ्यावं लागतं. मिरजेच्या दवाखान्यातल्या फिजिओ, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या, मुलीनं हे सुरुवातीलाच समजावलं आणि मी ते धरून ठेवलं.

व्यायामाच्या आधी खांदा सांभाळायचा. स्नायू ढिले पडले की दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं. म्हणून मला त्या हाताला धरून कुणी उठवायचं नाही. बसले की मांडीवर उशी आणि उशीवर हात. सुनेनं भिंतीला कागदच चिकटवला, ‘आईंचा उजवा हात ओढू नका’. कप्पीला दोरी लावून हात वर खेचायचं कुणी सुचवलं, तेही फिजिओनं करू दिलं नाही. तशानं खांदा दुखरा होतो आणि मग माणूस व्यायामच सोडून देतो.

पुढे हात ताठरायला लागला. उचलायला गेलं की खांदा कानाकडे, कोपर दुमडलेलं, मूठ घट्ट. अशा वेळी सगळे दाबायला मऊ चेंडू आणून देतात. माझी मूठ आधीच मिटलेली, तिला उघडायला शिकवायचं होतं. ओल्या फडक्यावर तळवा पसरून, वरून डावा हात ठेवून ओटा पुसायचा, कोपर सरळ होईपर्यंत पुढे न्यायचं. घाई केली की बोटं आवळायची, म्हणून सावकाश. लाटणं दोन्ही तळव्यांखाली घेऊन नुसतंच पुढे-मागे फिरवायचं, पोळी नाही.

दुपारी आरसा. तो दोन्ही हातांच्या मध्ये उभा करायचा, उजवा हात त्याच्यामागे. आरशात डाव्या हाताचं प्रतिबिंब बघत बोटं उघडायची-मिटायची, मनानं दोन्हींची. बघताना उजवाच हलतोय असं वाटतं. ही युक्ती मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांची. तोडलेल्या हाताच्या जागी होणाऱ्या वेदनांवर त्यांनी ती १९९०च्या दशकात वापरली, मग पक्षाघातातही आली. माझा अंगठा पहिल्यांदा हलला तो आरशामागेच, सुनेनं बघितला आणि ओरडलीच.

पण हात खऱ्या अर्थानं कामाला लागला तो डावा हात बांधल्यावर. चांगला हात सगळं उरकायला लागतो आणि दुसरा, थोडी ताकद आली तरी, वापरातून जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावर चांगला हात अडवून ठेवायची ही पद्धत बसवली. २००६ साली तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, २२२ रुग्णांची. दोन आठवडे जागेपणातला ९० टक्के वेळ चांगल्या हातात मोजा आणि रोज कित्येक तास सराव. घरी एवढं जमत नाही, आम्ही रोजचे ठरावीक तास धरले. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलली जात असतील तरच हे करतात, ते फिजिओनं आधी तपासलं. गोधडीच्या कापडाचा मोजा मीच बेतून दिला, सुनेनं शिवला. गॅसजवळ, जिन्यात आणि न्हाणीघरात तो काढायचाच.

मग परातीतून आधी हळकुंडं उचलायची, ती जमल्यावर भुईमुगाच्या शेंगा, शेवटी तासगावचे बेदाणे. बेदाणा चिमटीत यायला फार दिवस गेले. तांब्यातलं पाणी ओतताना चादर भिजायची. हे शेजारी बसून बघायचे आणि न राहवून हात पुढे करायचे. “अहो, तुम्ही बाहेर जाऊन बसा,” असं मला सांगावं लागलं. मायेनं केलेली ती मदतच मला सगळ्यात जड गेली. घास सांडत खाणाऱ्या माणसाला खाऊ द्यायला घरच्यांना फार धीर लागतो, आणि माझ्या घरच्यांनी तो धरला.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत भराभर दिसते, पुढे मंदावते, थांबत मात्र नाही. आता मी उजव्या हातानं जेवते, निऱ्या घालते, बँकेत सही करते. ब्लाउजचे हुक अजून सुनेकडे आहेत. थंडीत बोटं जास्त आखडतात, म्हणून ताठरपणा कमी करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलणं चाललंय. ते घेतलं तरी त्यानंतरचा सराव चुकत नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.