गिअरची दांडी ढिली झाली की आधी शाफ्ट वाचवा

माझं काम जनावरांचं. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला पाड्यापाड्यांवर फिरावं लागतं. कुठे गाय अडलेली असते, कुठे शेळ्या पोट फुगून पडलेल्या. डांबर संपलं की पुढे दगडगोटे आणि नाले, म्हणून २१ इंची पुढच्या चाकाची डर्ट बाइक घेतली. गाडी दणकट आहे, पण एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर, खालून बसणारे दगड आणि जड बुटाने दिवसभर वर-खाली होणारी दांडी, या तिन्हींनी मिळून गिअर लिव्हरचा बोल्ट हळूहळू सुटत जातो. इथे अशी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोगावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिनातून गिअरचा शाफ्ट बाहेर आलेला असतो आणि त्याच्यावर बारीक उभे दाते असतात. लिव्हरच्या भोकातही तसेच दाते. भोकाला एका बाजूने फट असते आणि आडवा बोल्ट ती फट आवळतो. ठिबकच्या नळीवर क्लिप आवळावी, तशी ही पकड. बोल्ट जरा जरी सैल झाला की दात्यावर दाता घासायला लागतो. लिव्हरचे दाते बहुतेक वेळा शाफ्टपेक्षा मऊ असतात, त्यामुळे आधी तेच झिजतात. पण तशीच गाडी दामटत राहिलं की शाफ्टचे दातेही गोल होतात, आणि शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन उघडायचं. शहाद्यातले आमचे मिस्त्री मूळचे धुळ्याकडचे. ते अहिराणीत एवढंच सांगतात, "दांडी बदली टाक भाऊ, शाफ्टले हात लागू देऊ नको." मला हे शंभर टक्के पटतं.

दांडी हलतेय म्हणजे बोल्टच ढिला, असं मात्र धरून चालू नका. थोडी मोकळी चाल प्रत्येक गाडीत असते. शाफ्टचं टोक आणि लिव्हर यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि हाताने दांडी वर-खाली करा. रेघ तुटली, म्हणजे अर्धी इकडे अर्धी तिकडे झाली, तर पकड गेलेली आहे. रेघ सरळच राहिली आणि शाफ्टच आत-बाहेर किंवा आडवा डुलत असेल, तर दुखणं आतलं आहे. तिथे बोल्ट आवळून काही होणार नाही. पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. खाली तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यातली काळी माती लिव्हरच्या मागे बसते, वाळून दगड होते आणि दांडी जागेवर परत येत नाही. गिअर अडकतोय म्हणून लोक गॅरेज गाठतात. आधी पाण्याने धुऊन बघा.

पकडच गेली असेल तर दहा नंबरचा पाना घ्या. बहुतेक गाड्यांना सहा एमएमचा बोल्ट असतो. तो नुसता सैल करून दांडी ओढू नका, पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच शाफ्टवर एक खाच असते आणि बोल्ट तिच्यातून आडवा जातो. बोल्ट आत असताना हातोडी मारली तर खाच आणि आटे दोन्ही जातात. दांडी निघाली की दोन्हीकडचे दाते जुन्या टूथब्रशने आणि पेट्रोलने स्वच्छ करा, इंजिन थंड असताना आणि उघड्यावर. मग उजेडात नीट बघा. दात्यांची टोकं धारदार असली तर दांडी अजून चालेल. चपटी, चकचकीत झाली असली तर नवी घ्या.

फटीकडेही लक्ष द्या. बोल्ट पूर्ण आवळल्यावर फटीच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या, तर बोल्ट फक्त फट दाबतोय, शाफ्टला धरतच नाही. कितीही जोर लावा, दांडी घसरणारच. अशा वेळी मिस्त्री करवतीच्या पात्याने फट किंचित रुंद करतात. चार दिवस निभावतं, तेवढ्यात नवी दांडी आणायची.

बसवताना उंची बुटाला जुळवा. चपलेत बरोबर वाटणारी दांडी बुटाखाली घुसत नाही, म्हणून मी एक दाता वर ठेवतो. स्प्रिंग वॉशर नवा टाका, बोल्टच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे सुटू न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावा. दात्यांवर मी काहीच लावत नाही, कारण पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बघायला बऱ्याच गाड्यांत हीच दांडी काढावी लागते. आवळायचं साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा मानायचा. लांब पान्याने जीव खाऊन आवळलं तर लिव्हरमधले आटेच उखडतात. लॉकटाइट पूर्ण पक्कं व्हायला २४ तास लागतात, म्हणून हे काम मी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा करतो.

चांदसैली घाटात दांडी फिरायला लागली तर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पातळ पट्टी दात्यांमध्ये सरकवा आणि बोल्ट आवळा. दुसरा गिअर टाका आणि शक्यतो त्याच्यातच सावकाश खाली या. घरी पोचल्यावर पट्टी काढून टाकायची. दांडी शाफ्टला वेल्डिंग करून देतो म्हणणारे रस्त्यात भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका. उष्णतेने मागचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाचं तेल अडवणारी रबरी कडी, जळतं आणि पुढे कुठल्याही कामाला दांडी कापावी लागते.

टूल-पिशवीत दहाचा पाना, वॉशर आणि एक जादा बोल्ट ठेवा. बोल्ट घेताना लांबी जुन्याशी ताडून बघा. जास्त लांब निघाला तर त्याचं टोक केसिंगला घासतं.