धुक्यातली होडी, भाग ४: आकाशातला जिना

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की स्पर्धेसाठीच्या होडीच्या कृष्णधवल (मोनो) फोटोचं काम संपलं, आता फक्त एक्सपोर्ट, म्हणजे पाठवायची जेपेग फाइल काढणं, उरलाय. तो 'फक्त' मला नऊ रात्री पुरला.

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. काल मध्यरात्रीनंतर आकाश एकदाचं गुळगुळीत झालं. नियमाप्रमाणे १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चौकटीत, १ एमबीच्या आत, एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये (रंगांच्या आवाक्यात), आणि सूर्याच्या फिकट ठिपक्याभोवती एकही वलय नाही. खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. ऐकायला कोणी नव्हतं.

आता रडगाणं. पहिला जेपेग काढला तेव्हा ठिपक्याभोवती झाडाच्या खोडासारखी वलयं उमटली होती. बँडिंग, म्हणजे सलग उजळत जाणाऱ्या छटेत दिसणाऱ्या पट्ट्या. नेहमीप्रमाणे पहिला संशय क्वालिटीवर गेला, म्हणून ९० वरून ९५, मग थेट १००. वलयं जागच्या जागी. मग संशय स्क्रीनवर, कारण माझं पॅनल ६ बिट अधिक एफआरसी जातीचं, म्हणजे थोड्या छटा भराभर आलटूनपालटून जास्त छटांचा भास करणारं, आहे आणि ते असे खेळ करतं. दुसऱ्या चांगल्या स्क्रीनवर तीच फाइल उघडली, वलयं त्याच पिक्सेलांवर. म्हणजे खोट फाइलमध्येच. (तपासताना झूम १०० टक्के ठेवा. कमी झूमवर काही एडिटर हलक्या दर्जाचा प्रिव्ह्यू दाखवतात आणि नसलेल्या पट्ट्या दिसतात. त्यात माझी एक रात्र गेली.)

खरा धागा हाती लागला तो पिपेटमुळे, म्हणजे पिक्सेलचा आकडा दाखवणाऱ्या साधनामुळे. आकाश साधारण ७०० पिक्सेल उंच आहे आणि वरून खाली, ० काळा ते २५५ पांढरा या मापावर, १७० पासून २०५ पर्यंत उजळत जातं. म्हणजे ३५ पायऱ्या, दर पायरी सुमारे २० पिक्सेलांची, आणि शेजारच्या दोन पायऱ्यांत फरक फक्त १ चा. एवढा फरक डोळ्याला सहसा कळत नाही. पण पिपेट सरकवत गेले तर आकडे १८१, १८१, मग एकदम १८३, मग १८६ असे उड्या मारत होते. मोजल्या तर पायऱ्या जेमतेम १५! बाकीच्या वीस गेल्या कुठे? हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) नीट पाहिला तर तुटक्या कंगव्यासारखा दिसत होता. तो मी इतके दिवस पाहतच नव्हते, कारण टोकं कापली गेली नाहीत एवढंच बघायची सवय.

कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारला. कॅमेऱ्याची कच्ची फाइल, म्हणजे रॉ, उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एडिटरकडे फाइल पाठवायची जी सेटिंग असते, तिथे 'प्रोफोटो, ८ बिट' असं निवडलेलं होतं. कधी केलं, का केलं, देव जाणे. बहुधा डिस्क भरली होती तेव्हा. प्रोफोटोसारखी अवाढव्य कलर स्पेस आणि तिला ८ बिटांची आखूड चादर. कॅमेऱ्याची १४ बिट रॉ १६,३८४ पायऱ्या देते, त्या मी पहिल्याच दारात २५६ वर आणून ठेवल्या. त्यात धुकं म्हणजे मुळातच सपाट, त्याच्या वाट्याला आल्या पंधराएक. मग मी कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारी रेषा) ओढून कॉन्ट्रास्ट वाढवला आणि त्या पंधरा पायऱ्या ३५च्या जागेत ताणल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यावर माझा पहिला 'उपाय' ऐका. लेयरवाल्या, म्हणजे थरांच्या, फाइलचा मोड ८ वरून १६ बिट केला आणि आनंदाने पुन्हा एक्सपोर्ट केला! अर्थात काहीही बदललं नाही. गेलेल्या पायऱ्या मोड बदलून परत येत नाहीत, फक्त रिकाम्या जागा मोठ्या होतात. सेन्सरवर इतकी वर्षं ज्ञान पाजळणाऱ्या बाईने हे करावं!

शेवटी रॉपासून पुन्हा सुरुवात. पण इथे एक छोटा विजय झाला. डॉज-बर्नचं, म्हणजे ठरावीक भाग उजळ-गडद करण्याचं, सगळं काम मी मास्कांवर (बदल कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या पडद्यांवर) केलं होतं. नवी १६ बिट फाइल त्याच पिक्सेल मापाची काढली आणि जुने मास्क लेयरसकट तिच्यात ओढून टाकले. सगळे जिथल्या तिथे बसले. दोन रात्रींचं काम वीस मिनिटांत परत मिळालं. जी मंडळी थेट पिक्सेलवर बर्न करतात आणि मला 'मास्कवाली बाई' म्हणतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता ३५च्या ३५ पायऱ्या हजर. तरीही अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरवर लावलं तर सूर्याजवळ एक हलकी कडा दिसतेच. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा चॅनेल आपापली पायरी वेगवेगळ्या जागी बदलतात, त्यामुळे कडा लपतात. मोनोत तिघेही एकाच पिक्सेलवर एकत्र उडी मारतात. हे लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं, मग चित्र टोन केलं, म्हणजे करड्यावर एक रंग चढवला, तर? अगदी हलका उबदार टोन, १६ बिटांत, प्रत्येक चॅनेलला वेगळा कर्व्ह. तिघांच्या उड्या आपोआप मागेपुढे होतील. नियमांचीही अडचण नाही. छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फियापच्या, व्याख्येत संपूर्ण चित्र एकाच रंगात टोन केलं तरी ते मोनोक्रोमच राहतं. अर्धवट टोनिंग केलं किंवा एखादा रंग भरला तर मात्र रंगीत विभागात जातं. टिफ, म्हणजे दर्जा न घटवणारी फाइल, काढली, आकाश रेशमासारखं. जिंकलो म्हणून जेपेग काढला आणि अर्धी हवा गेली.

कारण जेपेग सहसा आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, साठवतच नाही. आधी उजेडाचा एक चॅनेल आणि रंगाचे दोन असं विभाजन होतं आणि तिन्हींचे आकडे पूर्णांकात येतात. मी मागेपुढे केलेल्या उड्या उजेडाच्या चॅनेलमध्ये पुन्हा एका रांगेत उभ्या. टोन मात्र डोळ्याला आवडलाय, तो ठेवणार आहे. आधी न्यूट्रल पाठवायचं ठरलं होतं, ते रद्द.

मग उरला जुना उपाय, ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे. रिसाइझ झाल्यावर आणि ८ बिटांत उतरण्याच्या आधी बारीक ग्रेन टाकायचा, म्हणजे पायरीची कडा विस्कटते. (रिसाइझच्या आधी टाकला तर सरासरीत विरघळतो. मागच्या वर्षी हे शिकले होते.) टिफमध्ये अप्रतिम. ९५च्या जेपेगमध्ये आकाशभर डाग डाग. ९८ला टिकला, पण फाइल १.३ एमबी. मर्यादा १ एमबी. दुष्काळात तेरावा महिना.

इथे चार दिवस अडकले. ग्रेन वाढवला, कमी केला, फक्त आकाशावर मास्क केला, रंगीत ग्रेन टाकून पाहिला (कृपया करू नका, मोनोत तो बुरशीसारखा दिसतो). शेवटी वैतागून जेपेगचं क्वांटायझेशन टेबलच (कुठला तपशील कितीने भागायचा त्याचा तक्ता) उघडून बसले. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातले संथ चढउतार व बारीक थरथर वेगळी करून साठवतो. लिबजेपेग या जेपेग बनवणाऱ्या लायब्ररीच्या ९५ क्वालिटीला संथ चढउतारांचा भाजक १-२ असतो आणि सर्वांत बारीक थरथरीचा १० किंवा त्याहून थोडा जास्त. म्हणजे एखाद-दोन आकड्यांचा माझा पिक्सेलएवढा बारीक ग्रेन भागाकारात शून्य होत होता, आणि जे थोडं उरत होतं तेच डाग म्हणून दिसत होतं. मग ग्रेन बारीक कशाला? थोडा जाडाच घ्यावा, म्हणजे तो भाजक लहान असलेल्या भागात बसेल!

तेच केलं. ग्रेनच्या लेयरवर साधारण १ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसरपणा). ब्लरने त्याचा जोर उतरतो, म्हणून मुळात तिप्पट टाकला. आकाशावर आणि दूरच्या पाण्यावर मास्क, लव्हाळ्यांवर शून्य. क्वालिटी ९५, ४:४:४ (म्हणजे रंगाच्या चॅनेलांत काटछाट नाही). फाइल ७४० केबी. वलयं नाहीत, डाग नाहीत, आणि जाडा ग्रेन धुक्यावर फिल्मसारखा दिसतोय, जे मला मुळात हवंच होतं. टाळी इथे वाजली.

एक्सपोर्ट मी आता एडिटरमधून करतच नाही. त्याच्या क्वालिटीच्या पट्टीवरचा कुठला आकडा सबसॅम्पलिंग (रंगाची काटछाट) केव्हा लावतो हे तो सांगत नाही. १६ बिट टिफ काढायची आणि पुढचं इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला सांगायचं, सॅम्पलिंग फॅक्टरसकट. कमांड रुक्ष आहे, पण दरवेळी तेच करते. ज्यांना कमांड नको त्यांनी गिंप हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरावं. प्रिसिजन बदलताना ते डिदरिंगचा (पायऱ्यांच्या कडा विस्कटण्याचा) पर्याय देतं. शेवटी एक्झिफटूल या फाइलची माहिती वाचणाऱ्या साधनाने रंगांचं प्रोफाइल आत आहे ना तेवढं बघायचं. आणि मोनो आहे म्हणून ग्रेस्केल मोडमध्ये फाइल पाठवू नका. ग्रे प्रोफाइल न समजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मधले टोन भलतेच दिसतात.

सेन्सरवरची धूळ शोधायला वर चढवलेल्या उभ्या कर्व्हमध्ये आकाशात चार ठिपके दिसले होते. तीन हील केले, म्हणजे पुसले. चौथ्याला पंख निघाले. इतक्या वेळा हे आकाश चाळलं आणि हा पक्षी मला एकदाही दिसला नव्हता. ठेवलाय. इथे खुला मोनो विभाग आहे म्हणून धूळ असो वा पक्षी, पुसायला मोकळीक होती; निसर्ग विभाग असता तर पक्ष्याला हात लावता आला नसता.

पुढची नोंद खंड्याच्या फोटोवर. तो उभा फ्रेम आहे आणि नियमात उंची १०८०च, म्हणजे आडव्या फोटोंपुढे बिचारा चिमुकला दिसणार. आडवा क्रॉप करायचा विचार होता, पण हे लिहिताना वाटतंय की दोन्ही बाजूंना काळी पट्टी धरून १९२०च्या कॅनव्हासवर ठेवला तर? नियमांत बॉर्डरबद्दल काय लिहिलंय ते आधी बघते.